पावसाळ्यातले दीर्घवाचन: ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ प्रकल्पाच्या नोंदी

२५ मे २०२४, शनिवार

मालवणजवळच्या आमच्या बंदरगावातील वाचनालयात गेली काही वर्षे एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. जे. आर. आर. टॉल्किन यांची ही कादंबरी वर्षातून तीन-चार वेळा कपाटातून बाहेर जाते आणि दरवेळी पंधरा दिवसांच्या आत परत येते. परत करणारा वाचक ‘वेळ मिळाला नाही’ असे म्हणतो, पण पुस्तकात अडकवलेला बसच्या तिकिटाचा तुकडा मात्र बहुतेक वेळा त्याच त्याच पानांच्या आसपास सापडतो. यावरून माझा असा समज झाला आहे की या पुस्तकात अडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि तिथे वाचकाची चिकाटी नव्हे, तर वाचण्याची पद्धत कमी पडते. हा समज खरा की खोटा, ते या पावसाळ्यात पाहायचे ठरवले आहे.

आम्ही सहाजण आहोत: निवृत्त मुख्याध्यापक असलेले गुरुजी, ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका (त्यांना सारा गाव सिस्टर म्हणतो), महाविद्यालयात शिकणाऱ्या दोघी मैत्रिणी, मासेमारी बंदीमुळे जून-जुलै घरी असलेला एक तरुण आणि ग्रंथपाल म्हणून मी. कादंबरीत ६२ प्रकरणे आहेत. आठवड्याला पाच या हिशेबाने १ जूनपासून १३ आठवडे लागतील, म्हणजे ३१ ऑगस्टला पुस्तक संपेल आणि ७ सप्टेंबरच्या गणेश चतुर्थीपूर्वी एक आठवडा हाताशी राहील. हिशेब पानांचा नव्हे, प्रकरणांचा ठेवायचा, कारण हजारभर पानांकडे पाहून छाती दडपते. ‘आज एक प्रकरण’ एवढे म्हटले की तेच काम जेवणानंतरच्या तासाभराचे होते.

२९ मे, बुधवार

आज माझ्या स्वतःच्या एकखंडी प्रतीचे तुकडे करून घेतले. ही कादंबरी १९५४ आणि १९५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली, ते मुख्यतः युद्धानंतरच्या कागदटंचाईमुळे आणि छपाईच्या खर्चामुळे; लेखकाच्या मनात ती एकच कादंबरी होती आणि तिची रचना सहा भागांची आहे. बाइंडरने धारदार सुरीने कणा उकलला, नेमक्या त्या सहा जागी पाने वेगळी केली, परिशिष्टांचा सातवा गठ्ठा बांधला आणि प्रत्येकाला जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे वेष्टन चढवले. गुरुजींना हा प्रकार पाहवला नाही आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. मात्र सिस्टरांनी पहिला भाग डब्याच्या पिशवीत सरकवून पाहिला, तो सहज मावला आणि वाद तिथेच थांबला. जे पुस्तक उशीवर आडवे पडून हातात धरवत नाही, ते वाचून पुरे होण्याची शक्यता फार कमी असते.

१ जून, शनिवार

पहिली बैठक झाली. चर्चेचा बराच वेळ प्रस्तावनेने खाल्ला, कारण हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांचे प्रकार, त्यांच्या चालीरीती, त्यांची तंबाखू आणि त्यांचा इतिहास असे सारे कथा सुरू होण्याच्या आधीच येते आणि नवा वाचक इथेच दमतो. तोडगा जाळीवाल्या तरुणाने सुचवला. दशावतारी नाटकात आडदशावतार आधी होतो, गणपती येतो, संकासुर येतो, आणि आख्यान त्यानंतर उभे राहते. उशिरा येणारे थेट आख्यानालाच येऊन बसतात आणि त्यांचे काही अडत नाही. त्याच न्यायाने प्रस्तावना आत्ता सोडावी आणि आख्यान अंगात भिनले की परत येऊन वाचावी, असे ठरले. गुरुजींनी अर्थातच ती वाचूनच पुढे जाण्याचे जाहीर केले.

८ जून, शनिवार

पाच प्रकरणे झाली. बिल्बो या म्हाताऱ्या हॉबिटच्या १११व्या वाढदिवसाची मेजवानी सर्वांना आवडली. त्यानंतरचा संथपणा दोघींना जड गेला. मेजवानी आणि बिल्बोचा वारस फ्रोडो याचे प्रस्थान यांच्यामध्ये कथेत १७ वर्षे जातात आणि वारशाने आलेल्या अंगठीचा धोका समजल्यावरही तो घर विकणे, सामान बांधणे, निरोप घेणे यांत महिने घालवतो. सिस्टरांचे मत वेगळे पडले. मुंबईला नोकरीसाठी निघालेला माणूस घरातून असाच निघतो, असे त्या म्हणाल्या, आणि जे घर सोडायचे आहे ते आधी नीट दिसले नाही तर पुढच्या हजार पानांत आठवण कशाची यायची, असे त्यांनी विचारले.

नावांची तक्रार आली, ती अपेक्षितच होती. मुख्य शत्रू सॉरॉन आणि जादूगार सारुमान ही दोन नावे एकमेकांत मिसळतात. एका मैत्रिणीने तर तिसऱ्या प्रकरणापर्यंत त्या दोघांना एकच समजून वाचन केले होते. सर्व नावे देवनागरीत लिहून काढण्याचा उपाय चांगला लागू पडला, कारण रोमन लिपीत सारखी दिसणारी नावे आपल्या लिपीत उच्चारासकट वेगळी होतात. एकाच व्यक्तीला अनेक नावे असण्याबद्दल मात्र आपण कुरकुर करू नये. पार्थ, धनंजय, फाल्गुन, सव्यसाची आणि किरीटी ही नावे ऐकत मोठे झालेल्या माणसाने फ्रोडोला वाटेत भेटणाऱ्या ॲरागॉर्नच्या चार नावांना घाबरण्याचे कारण नाही.

१५ जून, शनिवार

अडण्याची पहिली ठरलेली जागा ओलांडली. सहा ते आठ या प्रकरणांत जुने अरण्य, टॉम बॉम्बॅडिलचे घर आणि थडग्यांच्या टेकड्या येतात. पिवळे बूट घालून गाणी म्हणत फिरणारा हा बॉम्बॅडिल मुख्य कथेत पुन्हा फारसा उपयोगी पडत नाही, त्यामुळे हा सगळा मजकूर गाळावा असा सल्ला सर्रास दिला जातो. मी दोन गोष्टी सांगितल्या. गाणी पहिल्या वाचनात खुशाल ओलांडावीत. ज्याला ती थांबवतील तो आपण होऊन थांबेल. आठवे प्रकरण मात्र कोणी गाळू नये. त्याचे कारण विचारल्यावर ‘ऑगस्टमध्ये सांगेन’ एवढेच उत्तर दिले.

भूप्रदेशाच्या वर्णनांनी या आठवड्यात सर्वांना छळले. टॉल्किन वाट चालवतात ती पावलापावलाने: चढ, उतार, ओढा, ओलसर जमीन, झुडपांची रांग, वारा कोणत्या दिशेचा हे सारे येते आणि त्यासाठी लागणारे इंग्रजी शब्द शब्दकोशातही एका फटक्यात समजत नाहीत. मैत्रिणींपैकी धाकटीने शब्दकोश बाजूला ठेवला आणि समासात आपल्याकडचे शब्द लिहायला सुरुवात केली. दलदलीला तिने खाजण म्हटले, खळखळत्या अरुंद ओढ्याला व्हाळ, आणि उघड्या वाऱ्याच्या माळरानी टेकड्यांना सडा. शेवटची जोडी चुकीची आहे, कारण आपला सडा जांभ्याचा आणि त्यांच्या टेकड्या गवताच्या, खडूच्या दगडाच्या. तरी त्या उघड्यावर धुके उतरले की माणूस कसा चुकतो, हे सडा म्हटल्याबरोबर तिला कळले आणि वाचन पुढे गेले. दर प्रकरणाला तीनपेक्षा जास्त शब्द शोधायचे नाहीत, असा नियम आम्ही यावरून केला.

दिशांचाही एक फायदा हाती लागला. त्या जगात समुद्र पश्चिमेला आहे आणि पूर्वेला दक्षिणोत्तर पसरलेली डोंगररांग आहे. आम्हाला याहून सोयीचे काय असणार? फ्रोडो पूर्वेकडे निघाला की तो घाटावर चालला आहे, एवढे ध्यानात ठेवले की नकाशा वारंवार उघडावा लागत नाही.

२२ जून, शनिवार

रिव्हेंडेलला एल्रॉन्डच्या घरची सभा; अंगठीचे काय करायचे ते इथे ठरते. दुसऱ्या भागाचे हे दुसरे प्रकरण कादंबरीत सर्वांत लांब आहे आणि त्यात कोणी कुठे जात नाही. सगळे बसून बोलतात, तेही बहुतांशी अशा माणसांबद्दल ज्यांना वाचक अजून भेटलेला नाही. माझ्या अनुभवाने बसच्या तिकिटांचे सर्वाधिक तुकडे इथेच सापडतात.

हे प्रकरण एकट्याने डोळ्यांनी वाचायचे नाही, असे आम्ही आधीच ठरवले होते. वाचनालयाच्या पडवीत खुर्च्या गोल मांडल्या आणि पात्रे वाटून घेतली: गुरुजी एल्रॉन्ड आणि गॅन्डाल्फ दोन्ही, सिस्टर बोरोमिर, जाळीवाला ग्लोइन, मोठी मैत्रीण ॲरागॉर्न, धाकटी फ्रोडो, आणि उरलेले सगळे माझ्याकडे. पत्र्यावर पाऊस इतका कोसळत होता की गुरुजींना वर्गात लावत तसा आवाज लावावा लागला. वाचता वाचता सभेची रचना उघड झाली. ही सरळ सरळ ग्रामसभा आहे. बोरोमिर स्वप्नाचा अर्थ विचारायला आला आहे, ग्लोइन मॉर्डॉरहून, म्हणजे सॉरॉनच्या मुलखातून, आलेल्या निरोपाची खबर द्यायला आला आहे, लेगोलास कैदी निसटल्याचे कबूल करायला आला आहे. प्रत्येक जण आपापला अर्ज घेऊन आला आहे आणि सर्वांचे अर्ज एकाच विषयाचे निघतात. हे एकदा दिसले की लांबी खुपत नाही, उलट पुढचा काय सांगतो याची उत्सुकता वाटते. दोन बैठकांत मिळून प्रकरण पुरे झाले. शेवटी ‘अंगठी मी नेईन’ या अर्थाचे फ्रोडोचे वाक्य धाकटीने फार हळू वाचले. पावसात ते नीट ऐकू आले नाही, म्हणून गुरुजींनी तिला पुन्हा वाचायला लावले.

२९ जून, शनिवार

बर्फामुळे खिंड बंद, म्हणून डोंगराच्या पोटातून मोरियाची वाट. घाट बंद पडला की काय काय करावे लागते हे इथे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. पुलावर काय घडते ते या वहीत लिहीत नाही. नोंदवही वाचनालयात सर्वांच्या हाती असते.

मागे पडलेल्या वाचकासाठी एक माहिती मात्र लिहून ठेवते. टॉल्किन यांनी ही कादंबरी १९३७च्या अखेरीस सुरू केली आणि १९४९मध्ये पुरी केली. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात ते सांगतात की लिहिता लिहिता ते मोरियात, बालिनच्या थडग्यापाशी येऊन थांबले आणि जवळजवळ वर्षभर तिथून पुढे सरकले नाहीत. म्हणजे वाचक जिथे तीन आठवडे रेंगाळला म्हणून ओशाळतो, तिथे लेखक स्वतः जवळजवळ वर्षभर रेंगाळलेला आहे. हे सांगितल्यावर दोन प्रकरणे मागे असलेल्या सिस्टरांनी वाढीव मुदत मागितली आणि ती अर्थातच मिळाली.

तांत्रिक नोंद: दुसऱ्या भागाच्या वेष्टनाला आतून बुरशी धरू लागली आहे. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नये, ओल आतच कोंडते. कोरड्या फडक्याने पुसून, पंख्याखाली पाने सुटी करून, नंतर उघड्या फळीवर उभे ठेवावे.

६ जुलै, शनिवार

पहिले दोन भाग संपले, मंडळी फुटली आणि इथून कथेला दोन फाटे फुटतात. तिसऱ्या भागात फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम अजिबात दिसत नाहीत. चौथ्या भागात त्यांच्याखेरीज दुसरे कथानकच नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटी वेग शिगेला पोहोचला असताना पान उलटावे आणि आठवडाभर आधीच्या ओसाड कड्यावर जाऊन पडावे, हा धक्का पुष्कळांना सोसत नाही.

यासाठी आम्ही गेल्या वर्षीचे भिंतीवरचे कॅलेंडर घेतले. परिशिष्टांत घटनांची तारीखवार यादी आहे. ती पुढचे सगळे फोडून टाकते, म्हणून मी एकटीने ती पाहायची आणि वाचून झालेल्या तारखाच कॅलेंडरवर भरायच्या, असे ठरले. फ्रोडोच्या वाटेला हिरवी शाई, इतरांच्या वाटेला लाल. २५ डिसेंबरला रिव्हेंडेलहून प्रस्थान, २६ फेब्रुवारीला फाटाफूट, हे भरले आणि मग पंचाईत झाली. शायरच्या, म्हणजे हॉबिटांच्या मुलखाच्या, कालगणनेत प्रत्येक महिना ३० दिवसांचा असल्यामुळे ट्रीबियर्डच्या एन्टांची, म्हणजे झाडांसारख्या राखणदारांची, सभा ३० फेब्रुवारीला सुरू होते, आणि आमच्या कॅलेंडरात फेब्रुवारी २८ला संपतो. धाकटीने दोन चौकोन कापून डिंकाने चिकटवले आणि डिसेंबर व जानेवारीतील ३१ तारखांवर काट मारली. आता दोन्ही रंग शेजारी शेजारी दिसतात. लाल शाईत घोडे दौडत असताना हिरव्या शाईत दोघे जण कड्यावरून दोर सोडत आहेत, हे एका नजरेत कळते.

१६ जुलै, मंगळवार

रविवारी संध्याकाळी खेडजवळ दरड कोसळून कोकण रेल्वे ठप्प झाली आणि मुंबईहून परतणारे गुरुजी दुसऱ्या दिवशी उशिरा पोहोचले. गाडीत त्यांनी चार प्रकरणे वाचली, मात्र त्यातील दोन झोपेत वाचली असावीत असे त्यांचे स्वतःचेच मत आहे. ती पुन्हा वाचणार आहेत.

२७ जुलै, शनिवार

चौथा भाग. या प्रकल्पातील सर्वांत अवघड पट्टा हाच आहे आणि माझी पूर्वतयारी इथे अपुरी पडली. तीन माणसे, त्यातला एक वाटाड्या झालेला गॉलम, आणि खडक, दलदल, राख. विनोद नाही, मेजवानी नाही, प्रदेश बदलतो तो अधिक वाईटाकडेच. मोठ्या मैत्रिणीने मंगळवारी पुस्तक बंद केले. तिला तिसरा भाग अतिशय आवडला होता आणि ‘मला घोडेस्वारांकडे परत जायचे आहे’ हे तिचे म्हणणे मला पटले नाही तरी समजले. तिला पाचव्या भागात उडी मारण्याची मुभा दिली, पण तिने ती घेतली नाही.

याउलट जाळीवाला याच भागात रमला. तो पुस्तक वाचत नाही, ऐकतो; मोबाइल खिशात, एक तार कानात आणि हात जाळ्यावर. गेल्या गुरुवारी मी खोपीत गेले तेव्हा तो फाटलेल्या आसाला गाठ मारत होता आणि कानात दलदलीचे प्रकरण चालू होते. गाठ अर्धी राहिली, सुई हवेत थांबली. मला पाहून त्याने तार काढली आणि म्हणाला, “ताई, हो गॉलम माका वळखीचो वाटता.” मग बराच वेळ तो खाजणात पाय कसा टाकायचा ते सांगत राहिला. चिखलात थांबले की माणूस रुततो, म्हणून वाटाड्या मागे वळून न पाहता चालत राहतो आणि मागच्याला तो निष्ठुर वाटतो, असे त्याचे निरीक्षण होते. मी हे प्रकरण तीनदा वाचले आहे आणि गॉलमच्या चालण्याकडे या नजरेने एकदाही पाहिले नव्हते.

त्याचे पाहून सिस्टरांनीही रात्रपाळीनंतर हा भाग थोडा थोडा ऐकायला सुरुवात केली आहे. युद्धकाळात, १९४४ साली, हा भाग लिहीत असताना टॉल्किन एकेक प्रकरण दक्षिण आफ्रिकेत हवाई दलात असलेल्या मुलाला, ख्रिस्तोफरला, पाठवत असत. आठवड्याला पाच प्रकरणांचा आमचा नियम चौथ्या भागासाठी म्हणून रद्द केला आहे; टपालाने हप्ता यावा तसे एक प्रकरण, मग दोन दिवस विसावा.

३ ऑगस्ट, शनिवार

बंदी १ तारखेला उठली, जाळीवाला समुद्रावर गेला. त्याची तीन प्रकरणे बाकी आहेत.

१० ऑगस्ट, शनिवार

जून महिन्यात राखून ठेवलेले उत्तर आज द्यावे लागले नाही. पाचव्या भागातील मोठ्या लढाईत एक पाते निर्णायक ठरते आणि ते कुठून आले हे लेखक तिथेच सांगतो: थडग्यांच्या टेकडीतून, म्हणजे आठव्या प्रकरणातून. धाकटी शनिवारची वाट न पाहता काल दुपारीच वाचनालयात आली, पहिला भाग मागून घेतला आणि उभ्याउभ्याच ते पान शोधून वाचू लागली.

३१ ऑगस्ट, शनिवार

गुरुजी, धाकटी आणि मी अशा तिघांचे वाचन ठरल्या दिवशी पुरे झाले. सिस्टर पाचव्या भागात आहेत.

शेवटाबद्दल सावध करणारी नोंद आवश्यक वाटते. मुख्य काम तडीस जाते ते सहाव्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात आणि त्यानंतर आणखी सहा प्रकरणे उरतात. ज्याला हे ठाऊक नसते तो ‘आता कशाला’ म्हणून पाने चाळू लागतो, आणि घरी परतल्यावर गावाची काय दशा झालेली आहे ते सांगणारे आठवे प्रकरण नेमके घाईत वाचतो. गुरुजींच्या मते तेच सबंध पुस्तकातील सर्वांत चांगले प्रकरण आहे. शेवटच्या बंदरावरील प्रकरणापेक्षा मी त्याला वरचढ मानणार नाही, पण यावर आमचे दोन शनिवार भांडण झाले आणि ते मिटलेले नाही. लेखकाने प्रास्ताविकात आपल्या पुस्तकाचा एक दोष मान्य केला आहे, तो म्हणजे ते फार आखूड आहे. जूनमध्ये हे वाक्य ऐकून सगळे हसले होते. आज धाकटी हसली नाही आणि परिशिष्टांचा गठ्ठा घेऊन गेली.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या चतुर्थी. घरोघरी गणपतीवरची माटवी बांधायची गडबड असल्यामुळे वाचनालय दुपारीच बंद केले. त्याआधी सिस्टर पाचवा भाग परत करून सहावा घेऊन गेल्या. सणाच्या दिवसांत त्यांना रात्रपाळ्या लागल्या आहेत आणि पातळ असल्यामुळे तो पिशवीत जातो. मोठ्या मैत्रिणीने चौथ्या भागाचे कार्ड अजून आपल्या नावावर ठेवले आहे. मी ते विचारले नाही.

बोटी किनाऱ्याला लागल्यामुळे जाळीवालाही येऊन गेला. समुद्रावर त्याचे एक प्रकरण ऐकून झाले, दोन राहिली आहेत. गॉलम शेवटी दगा देतो का, असे त्याने विचारले. मी तोंड उघडण्याच्या आत त्याने हात वर केला. “सांगू नकात हां ताई, माका आयकूचा आसा.”